गॅप आलाय, वंगण संपलंय... मग गुडघा बदलायचाच का?

प्रश्न : माझ्या आईचं वय ६४, उंची पाच फूट, वजन ७६ किलो. दहा वर्षांपासून मधुमेह आणि बीपी आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेत झिजेची ग्रेड ३ (चारपैकी) आलीय, एमआरआयमध्ये गादी फाटल्याचं लिहिलंय. एका ठिकाणी सांगितलं, गॅप आलाय, वंगण संपलंय, जेलची तीन इंजेक्शनं घ्या. दुसरीकडे म्हणाले, दुर्बिणीनं साफ करून घ्या. तिसरीकडे थेट दोन्ही गुडघे बदला. औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, एटोरिकॉक्सिब ९०, ती आठ महिने रोज घेतेय, शिवाय कॅल्शियम आणि ग्लुकोसामाइन. झीज वाढेल म्हणून चालणं बंद केलंय. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, संडास भारतीय पद्धतीचा आहे. नेमकं काय करावं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, गुडघ्याकडे नंतर येऊ. आधी ती गोळी.

एटोरिकॉक्सिबचा गुडघ्याच्या झिजेसाठीचा डोस दिवसाला ३० मिलिग्रॅम, फार तर ६०. ९० ची गोळी आमवातासारख्या आजारासाठी असते. त्यात ही गोळी बीपी वाढवते, म्हणून बीपी आटोक्यात नसेल तर ती देतच नाहीत. तुमच्या आईंच्या बाबतीत तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि वरून वेदनाशामक, या तिघांची गाठ पडली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. मधुमेहाचं मूत्रपिंड आधीच नाजूक असतं. उलट्या-जुलाब झाले, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) दोन-तीन दिवसांत चढू शकतं. म्हणून या आठवड्यातच नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन ती गोळी रोज चालू आहे हे सांगा. बरेचदा 'दुखण्याची गोळी' औषधांच्या यादीत धरलीच जात नाही. बीपी मोजून घ्या. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. सोडायची आहे ती दुखण्याची गोळी. तिच्या जागी काय, ते पुढे सांगतो.

आता गुडघा. 'गॅप आलाय' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की त्याचा अर्थ उलटा झालाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक्स-रेत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसते ती रिकामी जागा नव्हे. तिथे कूर्चा असते, फक्त ती एक्स-रेत दिसत नाही. निरोगी गुडघ्यात हा गॅप असायलाच हवा. आईंचा तो कमी झालाय.

ही कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत, पांढरा, चमकदार थर. शहाळ्यातली जाडसर मलई डोळ्यांसमोर आणा, पण रबरासारखी चिवट. गुडघ्यात तिची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर, वाटीच्या मागे त्याहून थोडी जास्त. तिच्या वजनाचा बहुतेक भाग, साधारण ७० टक्क्यांच्या पुढेमागे, पाणीच असतो. हे पाणी धरून ठेवायचं काम ॲग्रिकन नावाचे रेणू करतात. त्यांचा आकार बाटली धुवायच्या ब्रशसारखा. प्रत्येक केसावर ऋण विद्युतभार, त्यामुळे ते पाणी ओढतात आणि एकमेकांना ढकलतात. त्यांना फुगून फुटू न देण्यासाठी भोवती कोलॅजनच्या धाग्यांची घट्ट जाळी. पाऊल टेकलं की दाबाने थोडं पाणी बाहेर येतं, पाऊल उचललं की परत आत शिरतं. कूर्चेत एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळण्यासाठी ही पाण्याची ये-जा लागते. म्हणजे चालणं बंद केलं की झीज थांबत नाही, उलट कूर्चेतल्या पेशींची उपासमार होते. आईंना एवढी एक गोष्ट पटली तरी निम्मं काम झालं.

रक्त नाही, याचा दुसरा परिणाम असा की जखम भरत नाही. बोट कापलं तर रक्त येतं, गुठळी होते, पेशी धावून येतात. कूर्चेला चीर पडली तर यातलं काहीच घडत नाही. चीर खालच्या हाडापर्यंत गेली तर रक्त येतं खरं, पण त्यातून तयार होते ती हलक्या प्रतीची, धागेदार कूर्चा. मूळच्या कोलॅजनचा पुनर्निर्माणाचा वेग इतका मंद आहे की मोठ्या माणसात तो जवळपास नाहीच असं समजा. त्यामुळे 'कूर्चा परत वाढवतो' असं लिहिलेली पावडर, तेल किंवा गोळी दिसली की ती खाली ठेवा. आज गुडघ्याच्या झिजेत कूर्चा पूर्ववत करणारं मान्यताप्राप्त औषध नाही. रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून परत बसवण्याची शस्त्रक्रिया १९९४ पासून ज्ञात आहे, पण ती तरुण माणसाच्या कूर्चेत अपघाताने पडलेल्या एखाद्या खड्ड्यासाठी. आईंसारखा सगळा सांधा बिघडलेला असेल तिथे ती उपयोगाची नाही.

मग हे नुकसान होतं कसं? गाडीचा टायर झिजावा तसं, असं समजतात. ते अर्धवट खरं आहे. वजनाचा आणि वाकलेल्या पायाचा भार एका बाजूला पडतो हे बरोबर. पण त्या ताणाने कूर्चेच्या पेशी स्वतःच जाळी कुरतडणारी विकरं (एन्झाइम) सोडू लागतात. आधी ॲग्रिकन तुटतं, मग कोलॅजन. तुटलेले कण सांध्याच्या अस्तराला चिडवतात, अस्तर सुजतं, आणखी दाहक रसायनं सोडतं. शरीरातली जादा चरबीही त्यात तेल ओतते. जाड माणसांत हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही जास्त आढळते, आणि हातावर तर कुणी चालत नाही.

यात हाड मात्र झिजत नाही, उलट वाढतं. कूर्चेखालचं हाड जाड आणि कठीण होतं, कडेला चोच फुटावी तसं नवं हाड येतं; त्यालाच रिपोर्टमध्ये ऑस्टिओफाइट म्हणतात. म्हणून 'हाडं झिजली, कॅल्शियम घ्या' हा सल्ला इथे लागू पडत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाडांच्या ठिसूळपणासाठी. तो आजार वेगळा आहे, तो दुखत नाही, थेट मनगट, मणका किंवा खुब्याचं हाड मोडूनच कळतो. आईंचं वय ६४ आहे, तेव्हा वर्षभरात हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करा आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा. त्याने गुडघा बरा होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि दुखतं काय? कूर्चेत मज्जातंतूही नाहीत, म्हणजे ती स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते सुजलेलं अस्तर, ताणलेलं वेष्टन, कूर्चेखालचं हाड आणि थकलेले स्नायू. म्हणूनच ग्रेड ४ चा एक्स-रे घेऊन बाजारहाट करणाऱ्या बायका असतात आणि ग्रेड २ मध्ये जिना न चढवणाऱ्याही. गेलेली कूर्चा परत येत नाही हे मान्य करूनही दुखणं बरंच कमी करता येतं, ते यामुळे. सूज, भार आणि स्नायू या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

रिपोर्टबद्दल दोन गोष्टी. एक्स-रे उभ्याने काढला होता का ते पाहा. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये भार नसल्याने फट मोठी दिसते आणि ग्रेड फसवी येते. आणि एमआरआयमधली 'फाटलेली गादी' म्हणजे कूर्चा नव्हे. ती दोन हाडांच्या मधली चंद्रकोरीच्या आकाराची चकती, मेनिस्कस. पन्नाशीनंतर ती फाटलेली सापडणं फार सर्रास आहे आणि अशांतल्या निम्म्याहून अधिक लोकांचा गुडघा दुखतही नसतो. चाळिशी-पन्नाशीनंतरची नेहमीची गुडघेदुखी ओळखायला एमआरआय लागतच नाही. तो काढला की चकती फाटलेली निघते, आणि ती निघाली की दुर्बीण येते.

दुर्बिणीतून धुऊन-तासून काढण्याला नकार द्या. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर याची परीक्षा झाली. काहींची खरी शस्त्रक्रिया, काहींना नुसतेच कातडीवर छेद देऊन टाके. दोन वर्षं पाहिलं, दुखण्यात फरक नाही. गुडघा खरोखर अडकत असेल, म्हणजे वाकलेला पाय हाताने हलवल्याशिवाय सरळच होत नसेल, तर गोष्ट वेगळी. तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

आता काम. बारा आठवडे धरून चला, कारण स्नायूंना ताकद यायला किमान आठ आठवडे जातात आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात 'फरक नाही' म्हणून सोडून देतात.

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा आधार. गुडघ्यात द्रव साठला की शरीर हा स्नायू आपोआप बंद ठेवतं. प्रयोगात २०-३० मिलिलिटर पाणी भरलं तरी हे घडतं. निरोगी गुडघ्यात चमचाभरही द्रव नसतो. म्हणून 'वंगण संपलंय' हेही बहुधा चूकच. दुखऱ्या गुडघ्यात द्रव जास्तच असतो, फक्त पातळ झालेला.

सुरुवात पलंगावर. पाय लांब करून बसा, टॉवेलची घट्ट गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच ते दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोनदा, दोन्ही पाय. श्वास कोंडू नका, बीपी चढतं. मोठ्याने अंक मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. मांडीवर हात ठेवून पाहा, वाटीच्या वरचा आतला भाग टणक व्हायला हवा. तो मऊच राहिला तर आई कमरेने ढकलत आहेत.

मग उताणं झोपून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर उचला, पाच सेकंद धरा, सावकाश खाली. फूटभरच, जास्त उचलला तर काम मांडीऐवजी पोट करतं. उचलताना गुडघा किंचित जरी वाकला तर व्यायाम वाया. हे जमू लागलं की अर्धा किलो मिठाची पुडी कापडी पिशवीत घालून घोट्यावर ठेवा, दोन आठवड्यांनी एक किलो.

कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलायचा, हा खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी. इथे सगळे एकच चूक करतात : अंग मागे कलतं आणि पायाची बोटं छताकडे वळतात. पाठ भिंतीला टेकवून झोपलं आणि टाच भिंतीवरून घासत वर नेली की ही चूक होत नाही.

सर्वांत उपयोगी व्यायाम खुर्चीचा. हात न लावता उभं राहायचं आणि तीन मोजत सावकाश बसायचं. नेहमीची खुर्ची अवघड वाटली तर खाली दोन घट्ट उशा घालून उंची वाढवा आणि दर आठवड्याला थोडी कमी करा. पावलं खुब्याइतक्या अंतरावर, गुडघे एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत. धप्पकन बसणं म्हणजे व्यायामाचा सगळ्यात कामाचा भाग सोडून देणं, कारण खाली जातानाच स्नायू जास्त ताकद कमावतो. दहाचे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. ओट्याला धरून टाचा उचलणं हे भाजी शिजेपर्यंतही होतं.

दुखलं तर? व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखणं चालतं. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर व्यायाम बंद करू नका, वजन किंवा फेरे निम्मे करा. गुडघ्यातला कटकट आवाज दुखत नसेल तर त्याकडे लक्षही देऊ नका. चालण्याची सुरुवात सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून, दिवसातून दोन-तीनदा. सलग अर्ध्या तासाचा हट्ट नको.

वजनाचा हिशेब ऐका. वजन घटवणाऱ्या रुग्णांच्या चालण्याचं मोजमाप झालंय : एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. आईंनी पाच किलो घटवले तर पावलागणिक वीस किलो. एक किलोमीटरला एका पायाची साडेसातशे पावलं धरली तर पंधरा टन भार एका गुडघ्यावरून उतरला. लक्ष्य ७६ वरून सहा महिन्यांत ६९-७० ठेवा. महिन्याचं तेल घरात माणशी अर्धा-पाऊण लिटरपर्यंत आणा, दुपारची एक भाकरी किंवा पोळी कमी करून त्या जागी उसळ किंवा कोशिंबीर वाढवा, चहा-साखर-बिस्किटांचा संध्याकाळचा फेरा तोडा. एक सावधगिरी : आई ग्लिमेपिराइड घेतात. जेवण घटलं आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर एकदम खाली जाते. हातपाय थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं दिसलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, आणि डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं. ते आहार बदलण्याआधीच बोलून ठेवलेलं बरं.

घरातल्या वस्तूंवर केलेला खर्च जेलच्या इंजेक्शनपेक्षा सत्कारणी लागतो. भारतीय संडासावर ठेवायची, मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची आणा; बसण्याची उंची साधारण १७ ते १९ इंच, पायांना रबरी बूच, आणि शेजारच्या भिंतीत घट्ट बसवलेला दांडा. पूर्ण उकिडवं बसताना वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. पाटावर बसून भाजी निवडणं, फरशी पुसणं, खालच्या कपाटातून पातेली काढणं ओट्याच्या उंचीवर आणा. काठी उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि त्याच बाजूला झुकून चालतात. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तितकीच काठीची उंची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आईंचे दोन्ही दुखतात, त्यामुळे जास्त दुखणारा उजवा तो 'दुखरा' समजा, आणि कठडा सोडू नका.

त्या गोळीच्या जागी डायक्लोफिनॅकचं जेल. लोकांना ते लागू पडत नाही, कारण वाटाण्याएवढं लावतात. एका गुडघ्याला एका वेळी दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा लागतं. चार ग्रॅम म्हणजे नळीतून काढलेली साधारण साडेचार इंचांची पट्टी. या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला आठवडाभरही पुरत नाही, मोठी ट्यूब घ्या. चोळून जिरवा, हात धुवा, वरून शेक देऊ नका. गोळीच्या मानाने रक्तात फार थोडं औषध उतरतं, तरी क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर डॉक्टरांना विचारूनच. जास्त दुखलं त्या दिवशी पॅरासिटामॉल, दिवसाला एकूण तीन ग्रॅमच्या आत. परिणाम बेताचाच असतो, पण मूत्रपिंडाच्या बाजूने सुरक्षित. शेक सकाळच्या ताठरपणासाठी, बर्फ संध्याकाळच्या सुजेसाठी, दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहात पायाची संवेदना कमी असते, तेव्हा पाण्याची पिशवी आधी तुम्ही स्वतःच्या हातावर लावून पाहा.

ग्लुकोसामाइन थांबवा. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीड हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात रोजचे १५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन आणि १२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन एकूण रुग्णांत औषध नसलेल्या लुटुपुटीच्या गोळीहून सरस ठरलं नाही. बिनलेबलच्या 'वाताच्या पुड्यां'पासून तर दूरच राहा. त्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आठवडाभर जादू वाटते आणि मधुमेह हाताबाहेर जातो.

इंजेक्शनांचं थोडक्यात. जेलचं, म्हणजे हायल्युरोनिक आम्लाचं इंजेक्शन 'वंगण' म्हणून विकलं जातं, पण टोचलेलं आम्ल काही दिवसांतच सांध्यातून निघून जातं. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. पुढे कुणीतरी पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन सुचवेल. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये २८८ जणांच्या अभ्यासात वर्षभरानंतर ते मिठाच्या पाण्याहून वरचढ निघालं नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने मात्र गुडघा सुजून टम्म झाला असेल तर चार-सहा आठवडे खरोखर आराम पडतो. लग्नकार्य, प्रवास, किंवा व्यायाम सुरूच करता येत नाही अशा वेळी एकदा घ्यायला हरकत नाही. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं घेणाऱ्यांची कूर्चा मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा जास्त पातळ झाली आणि दुखण्यात फरक राहिला नाही, हे २०१७ मध्ये दिसलंय. घेतलंच तर पुढचे काही दिवस शुगर वाढते, घरी मोजत राहा.

गुडघे बदलायचे का? आज नाही. 'ग्रेड ३ आहे म्हणून' हे कारण होत नाही. व्यवस्थित बारा आठवडे केल्यानंतरही रात्री दुखण्याने झोप मोडते, घरातल्या घरात चालणं अवघड होतं, आणि एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं आहे, हे सगळं जुळलं की शस्त्रक्रिया फार चांगला उपाय आहे. सौम्य एक्स-रेवर घाईने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर असमाधानी राहणारे जास्त. एरवीही पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो. उलट फार उशीरही नको : पाय सरळच होईनासा झाला, गुडघा वीस-तीस अंशांत वाकून बसला, तर शस्त्रक्रियेनंतरही तो पुरता सुधारत नाही. म्हणून दर महिन्याला आईंना उताणं झोपवून टाच गादीला टेकवल्यावर गुडघ्यामागून तुमचा हात जातो का ते पाहा. फट वाढत चालली तर अस्थिरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

वेळ आलीच तर काय होतं ते माहीत असावं. नावाप्रमाणे अख्खा गुडघा किंवा वाटी बदलत नाहीत. हाडांच्या टोकांचे आठ-दहा मिलिमीटरचे काप काढून मांडीच्या बाजूला कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीवर धातूची तबकडी आणि मध्ये पॉलिथिलिनची चकती बसवतात. धातू हाडाला सिमेंटने चिकटवतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने या भागांच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली होती. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा. 'इंपोर्टेड', 'सोनेरी', 'हाय-फ्लेक्स' या शब्दांनी लाखाचा फरक पडत असेल तर कशाचा ते विचारा. कोणताही सांधा बसवला तरी मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याचा भरवसा देता येत नाही. टिकाऊपणाची चिंता आईंच्या वयात कमी आहे. मोठ्या नोंदींनुसार असे पाचातले चार सांधे २५ वर्षं टिकतात.

आईंच्या बाबतीत धोका आहे तो जंतुसंसर्गाचा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, आठच्या खाली, शक्यतो साडेसातच्या आसपास आणल्याशिवाय तारीख घेऊ नका. किडलेले दात, लघवीचा संसर्ग, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या आधी बऱ्या करा. गुडघ्यात स्टिरॉइड टोचलं असेल तर मध्ये किमान तीन महिने जाऊ द्या. दोन्ही गुडघे एकाच वेळी करण्याचा आग्रह धरू नका. खर्च वाचतो, पण मधुमेह-बीपी असलेल्या हृदयावर एकदम भार येतो. आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसापासून चालणं आणि वाकवणं भागच असतं, त्यामुळे आज सांगितलेले व्यायाम तेव्हाही वाया जात नाहीत.

बारा आठवडे न थांबता लगेच दाखवायची कारणं अशी : ताप येऊन एकच गुडघा लाल, गरम, हलवता न येणारा होणं, पोटरी एकाएकी सुजून दुखणं, सकाळी तासाहून जास्त ताठरपणा आणि सोबत हातांचे छोटे सांधे सुजणं (या शेवटच्यात आमवात असू शकतो). अलीकडे चिकनगुनिया होऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याचं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं आणि उपचार निराळे आहेत. गुडघा दुखतो पण दाबून कुठेच दुखत नाही, आणि पाय आत-बाहेर फिरवताना जांघेत कळ येते, असं असेल तर खुब्याचा एक्स-रे काढायला सांगा.

उद्या सकाळी भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या, आईंना हात छातीवर बांधायला सांगा आणि घड्याळ लावून मोजा : तीस सेकंदांत त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहतात. त्यांच्या वयाच्या बायकांत बारापेक्षा कमी म्हणजे सरासरीहून कमी. एकदाही जमलं नाही तर शून्य लिहा, तोही आकडाच आहे. शेजारी वजन, सकाळचं बीपी आणि आठवडाभरातलं सर्वांत जास्त दुखणं दहापैकी किती, हे लिहा. दर दोन रविवारी हेच चार आकडे त्याच कागदावर उतरवा आणि बारा आठवड्यांनी एक्स-रेच्या पाकिटात घालून अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या.